आठ किलोंचा घोळ

"माझ्या काट्याला फसवणारा अजून जन्माला यायचाय!" असं काटेसाहेब छाती फुगवून सांगायचे. आणि ते खोटं नव्हतं हो! शहराबाहेरच्या वजनकाट्यावर त्यांची खुर्ची. ट्रक आधी भरलेला तोलायचा, मग माल उतरवून रिकामा तोलायचा, फरक निघेल तो माल. एखाद्या ड्रायव्हरनं वजन वाढवायला क्लीनरला केबिनमध्ये आडवं झोपवलं, की काटेसाहेब काचेआडूनच गरजायचे, "आत कुणीतरी आहे! उतरव त्याला खाली!"

अशा माणसाच्या बायकोला दिवस गेले!

डॉक्टरीणबाईंनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, मूल हवं तर वजन जरा आटोक्यात आणा. बिचारीनं रोज संध्याकाळी चालून चालून ते आणलंही. "आता पुढचं माझ्यावर सोड," काटेसाहेब म्हणाले. "वजन हा माझा विषय!"

पण घरात त्यांच्या आईही होत्या ना! "दोन जिवांची आहेस, खा गं बाई!" म्हणत त्या सुनेचं ताट शिगोशीग भरायच्या. काटेसाहेब त्यातलं निम्मं काढायचे. आई दुप्पट वाढायच्या. ताट इकडून तिकडे फिरत राहायचं आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती उपाशीच बसायची! शेवटी डॉक्टरीणबाईंनी मायलेकांना समोर बसवून झापलं.

"दोन जिवांसाठी खायचं, दोन माणसांचं नाही! कळलं, आई? आणि तुम्ही तिच्या ताटातला घास काढायचा नाही! वरण, भाज्या, फळं, दूध, सगळं पोटभर द्या. तिच्या अंगकाठीला दहा-अकरा किलो वाढले तर उत्तम."

वाढले नेमके अकरा! काटेसाहेबांना इतका आनंद झाला, जणू त्यांचंच प्रमोशन झालं. बायको मात्र आरशासमोर हिरमुसून उभी.

"अहो, उतरेल ना हे सगळं? आधीच किती कष्टानं कमी केलं होतं मी."

"उतरेल म्हणजे काय! माल उतरला की गाडी रिकामी!"

ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. का, ते त्यांना काही केल्या कळेना!

आणि मग तो दिवस उजाडला. नर्स हसत बाहेर आली. "मुलगी झाली! तीन किलोची! दोघी छान आहेत!"

आईंच्या डोळ्यांना पदर लागला. काटेसाहेबही गहिवरले, पण डोक्यातला काटा काही थांबेना. अकरा चढले. उतरले तीन. त्यांनी बोटांवर पुन्हा मोजलं. आठ किलो गायब! सवयीनं त्यांच्या तोंडातून गर्जना बाहेर पडली, "आत अजून कुणीतरी आहे!"

"अगंबाई, जुळं?" आई किंचाळल्या, आणि काय होतंय ते कळायच्या आत त्यांनी बहिणीला फोन लावलासुद्धा. मावशीनं पुढे किती जणांना लावले ते विचारूच नका! तेवढ्यात ‘जुळं’ ऐकून वॉर्डमधल्या आयाबाईंनी दुसरा पाळणा ढकलत आणला. पाळणा पाहून आईंची खात्रीच पटली!

ही बोंब आतपर्यंत पोचली. आता कुठे डोळे मिटून पडलेली बायको धडपडत उठायला लागली. "दुसरं? कुठंय माझं दुसरं बाळ? आत राहिलंय का हो?" ती ओक्साबोक्शी रडायला लागली.

तिचा आवाज ऐकून काटेसाहेब दाराकडे धावले. त्यांनी दारावर धडका मारल्या. "सिस्टर, काहीतरी करा हो! गुदमरेल ते आत! आणि माझ्या बायकोला काही झालं तर..."

डॉक्टरीणबाई धावत आल्या. "कुणी सांगितलं जुळं आहे म्हणून?"

"काट्यानं, बाई! अकरा चढले, तीन उतरले. आठ किलो कुठायत?"

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो महाराज, वार पडली, पाणी गेलं, त्यांना वजन नसतं का? गर्भाशय वाढलंय, अंगात रक्त-पाणी वाढलंय, ते काही आठवड्यांत ओसरेल. आणि थोडी चरबी शरीरानं दुधासाठी राखून ठेवलीय. ती उतरायला काही महिने लागतील. नीट जेवायचं, जमेल तसं चालायचं. घाई करायची नाही आणि उपाशी तर मुळीच राहायचं नाही!"

काटेसाहेब मटकन बाकावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून आईंसोबत आत गेले. बायकोनं लेकीला छातीशी घट्ट धरलं होतं. डोळे अजून लाल होते.

"म्हणजे नऊ महिने तुम्ही मला ट्रक समजत होतात?"

"छे छे! भलतंच काय बोलतेस!" काटेसाहेबांना खरंच वाईट वाटलं. ते तिच्याजवळ वाकले आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "ट्रक काय गं! फार तर टेम्पो!"

मग आईंनी जन्मात पहिल्यांदा सुनेची बाजू घेतली. "बाहेर हो आधी!" म्हणत पोटच्या पोराला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

आतून हसण्याचा असा काही लोंढा फुटला म्हणता! त्यात बायकोचा आवाज, "अहो आई, हसवू नका ना, टाके दुखतायत!"

ती हसतेय हे ऐकून काटेसाहेबांना जरा धीर आला. त्यांनी दार हळूच किलकिलं केलं, मुंडी आत घातली आणि म्हणाले, "अगं, मी छोटा टेम्पो म्हणत होतो!"