सासुरवाडीचा चढ

सुताराची जुनी पिकअप डिझेल पीत नसे, ढोसत असे. "घरात एखादा पाहुणा असा खायला लागला असता ना, तर त्याला आपण कधीच वाटेला लावला असता," असं त्याची बायको उठता-बसता म्हणायची. गाडीचा रंग उडाला होता, डावं दार बाहेरूनच उघडायचं, हॉर्न सर्दी झाल्यासारखा वाजायचा. पण सुताराचा जीव त्या गाडीत. कारखान्यात रंधा मारता मारतासुद्धा तो मधूनच बाहेर येऊन तिच्याकडे बघून जायचा.

बायकोचा धाकटा भाऊ रोपवाटिका चालवायचा. त्याचाही डोळा याच गाडीवर. "भाओजी, तुम्हाला तिचं खाणं झेपत नसेल तर मला द्या. कुंड्या न्यायला बरी आहे." सुताराने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं, पण बायकोने सोडलं नाही. तिने साफ सांगितलं, "रविवारी आईकडे कपाट पोचवायचंय. तोवर गाडीचं खाणं आटोक्यात आलं तर ठीक, नाही तर तिथेच धाकट्याच्या हातात किल्ली द्यायची."

सुतार धावत आपल्या मेकॅनिक मित्राकडे गेला. मेकॅनिक गाडीखालून नुसतं डोकं बाहेर काढून म्हणाला, "मागच्या एक्सलमधली दातेरी चाकं बदलू. सायकलचं कसं असतं? मागचं चक्र लहान बसवलं की दोन पायडल मारले तरी सायकल लांब जाते. पायाला काम कमी. तसंच इंजिनाचं. कमी फिरेल, कमी पिईल."

"अरे मग बदल की! वाट कसली बघतोस?"

"थांब. चढावर रडवेल हां. तुझ्या रस्त्यात चढ लागतो का?"

सुताराने डोळे मिटून रोजचे सगळे रस्ते आठवले. लाकडाची वखार, कारखाना, बाजार, दुकानं. "चढ? छे! पाटासारखा सपाट रस्ता," तो छातीठोकपणे म्हणाला. खोटं बोलला नाही बिचारा. सासुरवाडीचा रस्ता तो रस्त्यांत धरतच नसे.

काम झालं, आणि काय सांगावं! सपाट रस्त्यावर गाडी अशी निघाली की इंजिन चालू आहे की नाही ते कान देऊन ऐकावं लागे. सुतार बायकोला शेजारी बसवून लांबवर फिरवून आला. डिझेलचा काटा जागचा हलेना. बायकोने काचेवर दोनदा टिचकी मारून पाहिली.

"बिघडलाय वाटतं काटा."

"काटा नाही बिघडला, गाडी सुधारली!"

"बरं बाई, सुधारली. पण रविवार होऊ दे, मग बोलू."

रविवारी कपाट चढवलं. सासूबाईंनी हट्टाने करून घेतलेलं, अस्सल सागवानी, चार दारांचं. कारखान्यातल्या सगळ्यांनी मिळून उचललं तेव्हा कुठे ते हललं. सुतार शीळ घालत निघाला. टेकडीच्या पायथ्याशी वळण आलं, पुढे चढ दिसला, आणि शीळ मध्येच विरली.

गाडी थोडी चढली, मग कण्हायला लागली.

"अहो, पहिला गिअर टाका ना!"

"पहिल्यातच आहे!"

"मग त्याच्या आधीचा टाका!"

"त्याच्या आधी काही नसतं गं!"

क्लचचा जळका वास सुटला आणि गाडीने मान टाकली. सुतार हँडब्रेक ओढून गाडीतच बसला, बायकोने खिडकीतून हात घालून दार उघडलं आणि उतरून चाकामागे दगड लावला. मग कमरेवर हात ठेवून ती खिडकीशी आली. "मेकॅनिकने चढाचं विचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं."

"मग?"

"चढ नाही म्हणालो."

"नाही? आणि माझं माहेर काय विहिरीत आहे?"

आता कपाट परत नेणं आलं, आणि धाकट्याला किल्ली देणंही. त्याने बायकोला चाकामागचा दगड काढायला सांगितलं. गाडी उताराकडे वळवायची म्हणून त्याने पुढे-मागे करायला सुरुवात केली. तोंड खाली झालं, जरा सरळ करावी म्हणून त्याने रिव्हर्स टाकला, आणि गाडी कपाटासकट टेकडी चढायला लागली! तीही अगदी आरामात.

सुताराने घाईघाईने मेकॅनिकला फोन लावला. "अरे, तू सुधारलेली गाडी उलटी चढतेय!"

"चढणारच. रिव्हर्सला पहिल्यापेक्षा जोर जास्त असतो. पण तू तर म्हणालास, चढ नाही?"

सुताराने फोन बंद केला. मग निघाली वरात. मागच्या काचेत नुसतं कपाट दिसत होतं, म्हणून सुताराने उजव्या खिडकीतून मुंडकं बाहेर काढून मागे वळवलेलं. बायको पाठीमागे चालत हातवारे करतेय. "येऊ द्या, येऊ द्या! डावीकडे! अहो डावीकडे! माझी डावी नव्हे, तुमची!"

खालून एक मोटार आली. आपल्याच बाजूने पिकअपचं तोंड अंगावर येतंय असं वाटून मोटारवाल्याने करकचून ब्रेक दाबला. पण हे तोंड हळूहळू लांबच जायला लागलं. तो पुढे आला, पुन्हा थांबला.

"ओ, येताय की जाताय?"

"जातोय!"

"मग तोंड इकडे का?"

"तुमचं तुम्ही जा ना!" बायको वरून ओरडली, आणि त्याच क्षणी सुतारही ओरडला. त्याच्या मानेत उसण भरली होती. मुंडकं कसंबसं आत आलं, पण मान उजवीकडे वळली ती तिथेच राहिली.

"सरका," बायको म्हणाली.

"तू?"

"लायसन्स काय फोटोसाठी काढलंय? सरका म्हणते ना!"

ती बसली. दोन्ही आरसे नीट करून घेतले, आणि मागे न वळता, कुणाला हाका न मारता गाडी अशी वर नेली की बघत राहावं. मोटारवालासुद्धा पुढे जायचं सोडून बघत राहिला. सासूबाईंच्या फाटकातून गाडीची पाठ आत शिरली आणि कपाट थेट पायरीला येऊन लागलं.

"अगं बाई! कशी डोकं लावून आणली बघा!" सासूबाई हरखून गेल्या. "मागे सोफा आणला तेव्हा अंगणभर ओढत न्यावा लागला होता. जावईबापू, वा! अहो, इकडे बघा तरी. रुसलात का?"

"नाही हो आई," सुतार भिंतीकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात धाकटा आला. "काय भाओजी, काय ठरलं गाडीचं?"

सुताराचं अंग ठणकत होतं, मान जळत होती, आणि परत हा चढ कधी आयुष्यात बघायचा नव्हता. जिच्यासाठी इतके दिवस जीव टाकला ती गाडी त्याला आता नकोशी झाली. त्याने खिशातून किल्ली काढायला हात घातला. "घेऊन टाक बाबा. आत्ताच्या आत्ता ने."

पण किल्ली खिशात नव्हती. ती बायकोच्या मुठीत होती.

"गाडी द्यायची नाही," ती म्हणाली.

"ताई, तूच तर म्हणाली होतीस..."

"तेव्हा मी ती चालवली नव्हती."

कपाट उतरवून दोघं परत निघाले. उताराला गाडी सरळ तोंडाने, गुणी मुलीसारखी चालली होती. बायको एक हात खिडकीवर टाकून गाणं गुणगुणत होती. सुतार डाव्या सीटवर, मान उजवीकडे वळलेली ती वळलेलीच, त्यामुळे त्याला रस्ता दिसत नव्हता, गाडी दिसत नव्हती, दिसत होती फक्त बायको.

"अहो, मघापासून एकटक काय बघताय?"

"मान वळत नाहीये गं."

"मग बघा की," ती गिअर बदलत म्हणाली. "दोन-चार गोष्टी शिकाल."