समोरच्या दुकानाचा अभ्यास

धोटेभाऊंचं पावर हाउस नावाच्या भागातल्या बाजारात भांड्यांचं दुकान आहे, आणि त्यांच्या घरातली झाडून सगळी भांडी समोरच्या साहूजींच्या दुकानातून विकत आणलेली आहेत. प्रत्येक भांड्यावर साहूजींच्या मशीनने घरातल्या कोणाचं तरी नाव कोरलेलं. एका वाटीवर माझंही आहे. ती मिळाली तेव्हापासून मी त्या घरचा झालो. "दुकान भरून भांडे हायेत, अन् हे तिकडून चमचे आणते," असं सुमनवहिनी वाढता वाढता मला ऐकवतात. धोटेभाऊ शांतपणे भात कालवतात. "शिकाले फी लागते," एवढंच त्यांचं म्हणणं.

दुसरे लोक सिनेमा बघतात, तसे धोटेभाऊ दुसऱ्यांचे धंदे बघतात. मी प्लांटमधल्या ड्युटीवरून सुटून त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो की घरी कधी पोचू ते सांगता येत नाही. एकदा पेट्रोल भरून झालं तरी पंपावरून हलेनात. तिथला माणूस नळी लावण्याआधी 'झीरो देख लीजिए' म्हणतो, हे त्यांना भारी आवडलं होतं. दुसऱ्या दिवसापासून कळशी तोलण्याआधी ते काट्याकडे बोट दाखवायला लागले. "शून्य पाहून घ्या, ताई." ताई शून्य बघतात आणि मग घासाघीस जरा बेतानेच करतात.

बांगड्यावालीसमोर तर हे गृहस्थ इतका वेळ टक लावून उभे होते की बायका कुजबुजायला लागल्या. शेवटी वहिनींनी येऊन त्यांना ओढून नेलं. पण तोवर ती गिऱ्हाइकाचा हात सोडत नाही हे यांनी हेरलं होतं. आता ते डबा दाखवत नाहीत, सरळ हातात देतात. "हातातलं खाली ठेवाले माणसाले जड जाते," म्हणतात, आणि खरंच जड जातं.

सगळंच जमलं असं नाही. डॉक्टरकडे लोक तासन्‌तास ताटकळतात आणि म्हणूनच तो मोठा वाटतो, असं ठरवून त्यांनी दुकानाबाहेर बाक टाकला आणि गिऱ्हाइकांना नंबर दिले. बाकावरची माणसं उठून साहूजींकडे गेली. दुसरा कोणी हळहळला असता. धोटेभाऊ त्याच बाकावर बसून साहूजी एवढी गर्दी कशी सांभाळतात ते बघत राहिले. मला हा माणूस आवडतो तो यासाठी.

त्यांना सगळ्यात मोठा शोध चहाच्या टपरीवर लागला. रिकाम्या दुकानात माणूस चढत नाही. आधी कोणीतरी बसलेलं लागतं. तेव्हापासून रविवारी मला स्टुलावर बसवून हातात एक डबा देतात. तोंड रस्त्याकडे ठेवायचं आणि डबा वाजवून बघायचा. तो एकच डबा मी इतक्यांदा वाजवला आहे की झोपेतही त्याचा आवाज ओळखेन.

गेल्या उन्हाळ्यात साहूजींचा मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आणि साहूजींचं मनच उडालं. दुकान उशिरा उघडायचे, दुपारीच शटर ओढायचे, सगळं विकून टाकायची भाषा करायचे. नाव कोरायचं मशीन भांडं विकलं गेलं तरच चालतं, आणि त्याची करकर रस्त्याच्या अलीकडे ऐकू येते. ती ऐकू येईना. मला वाटलं, आता धोटेभाऊंचं फावलं. वहिनींनी जास्तीचा माल मागवायची गोष्टही काढली. पण धोटेभाऊंचं जेवण तुटलं. "मशीन वाजून नाही राहिलं," एवढंच म्हणायचे आणि ताटावरून उठायचे.

एका संध्याकाळी गेलो तर गल्ल्यावर वहिनी एकट्याच, समोर गिऱ्हाइकांची झुंबड. त्यांनी हनुवटीने पलीकडे दाखवलं. साहूजींच्या रिकाम्या दुकानात धोटेभाऊ स्टुलावर बसले होते. तोंड रस्त्याकडे, हातात डबा.

मी रस्ता ओलांडून गेलो. इथं आता काय शिकताय, म्हणून चेष्टेत विचारलं. साहूजी आत होते. धोटेभाऊ आवाज खाली आणून म्हणाले, "दुकान टाकलो तेव्हा मले काहीच येत नव्हतं. साहूजीलेच पाहून पाहून शिकलो. आता हे गेले, त मी सकाळी शटर उघडून पाहू कोणाले?"

ते सगळे चमचे, त्या वाट्या डोळ्यांसमोर आल्या.

साहूजी बाहेर आले. डबा घेऊन त्यांनी मशीन पुढे ओढलं. "नाम किसका डालूँ, धोटेजी? आपके घर में तो सबका हो गया."

"अपना डालिए," धोटेभाऊ म्हणाले. "मेरे घर में आपके नाम का ही नहीं है."

साहूजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मशीन सुरू झालं. रस्त्याने जाणाऱ्या दोघीजणी आवाजाने थबकल्या आणि पायरी चढून आत आल्या. धोटेभाऊंनी आणखी एक स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि हातात दुसरा डबा दिला. पलीकडून वहिनी दोन्ही हातांनी त्यांना बोलावत होत्या, पण त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.