माणिकप्पाचं हेड उघडलं

"सोलापूरचा मिस्त्री कशाला पायजे? म्या मेलोय का?"

सोसायटीच्या ओट्यावर मांडी ठोकून माणिकप्पानं हे विचारलं, तेव्हा गुरुवारची सकाळ होती. साल बहात्तरच्या दुष्काळाचं. होनळवाडीच्या तिन्ही विहिरींनी तळ दाखवला होता. सोसायटीचा जुना ट्रॅक्टर पाच मैलांवरच्या मळ्यातनं टाकी भरून आणायचा, तेव्हा कुठं गावातल्या घागरी भरायच्या. पण आठ दिवसांपासून ट्रॅक्टरलाच तहान लागली होती! सायलेन्सरमधून चुलवणावरच्या हंड्यासारखी पांढरी वाफ, रेडिएटरमध्ये बुडबुडे, आणि एका खेपेला तीन घागरी पाणी एकटाच गट्ट! सोसायटीशेजारची धुरपताबाई तर त्याला तोंडावर 'जावईबापू' म्हणायची.

"तात्याराव, हेडचं गॅस्केट गेलंय बगा," माणिकप्पानं चेअरमनला समजावलं. "इंजनाचं डोस्कं आन् धड, ह्येच्यामधी एक पत्रा आसतोय. त्यो जळला की पाणी नको तितं शिरतंय. हेड उघडायचं, पत्रा बदलायचा, नट आवळायचे. सांजच्याला टाकी तुमच्या दारात!"

माणिकप्पानं आजवर पंचवीस ऑइल इंजिनं उघडली होती, हे खरं. ट्रॅक्टर एकही उघडला नव्हता, हेही खरं. पण ते कुणी विचारलं नाही.

नट सुटले, पण हेड काही हलेना. जुनं भांडण झालेल्या दोन भावांनी वाटणीला बसावं तसं घट्ट बसलेलं! लाकडाचा ठोकळा लावून चौघांनी ठोकलं, तेव्हा ते 'फट्' करून सुटलं. गॅस्केटही सुटलं, अर्धं वर, अर्धं खाली, आणि मधला तुकडा जळून कोळसा.

"नवं कुठाय?" तात्यारावांनी विचारलं.

जुन्यालाच फटी बुजवायचा सफेदा फासून चालवायचा माणिकप्पाचा बेत होता. आता फासायला काही उरलंच नव्हतं.

"आत्ता मागवतो की!" असं म्हणून तो धोतर सावरत फाट्याकडं धावला. उमरग्याची गाडी निघालीच होती. तो गाडीसंगं पळत खिडकीतल्या कंडक्टरला ओरडला, "स्टँडसमोर शरणप्पाच्या दुकानात सांगा! मेहुणा हाय माजा! म्हणावं माणिकप्पानं हेड उघडलंय! मधनं जळलंय! पाणी आत शिरतंय! गॅस्केट घिऊन आजच्या आज निघा!"

कंडक्टर मनुष्य सज्जन. पण गाडीचा खडखडाट असा की शेजारच्याची शिंक ऐकू येऊ नये. त्यानं जेवढं कानात शिरलं तेवढं अगदी इमानदारीनं पोहोचवलं : "माणिकप्पाचं हेड उघडलंय. आत पाणी झालंय. बिस्कीट घेऊन आजच्या आज निघा."

शरणप्पाच्या हातातलं तागडं खाली पडलं. "दाजीचं डोस्कं फुटलं!" त्यानं दुकानाची फळी लावली, शेजारचा ट्रक थांबवला, डॉक्टरांना दवाखान्यातनं अक्षरशः उचलून पुढं बसवलं, मागं आठ नातेवाईक कोंबले आणि बिस्किटांचा अख्खा खोका घेतला. शेवटची इच्छा म्हणून मागितली असतील, तर कमी पडायला नकोत!

वाटेत खडी फोडायचं सरकारी काम चालू होतं. तिथं माणिकप्पाची बायको रुद्रम्मा हातोडी घेऊन बसलेली. ट्रकातनं शरणप्पा हंबरला, "अक्का गंऽ! दाजीचं डोस्कं उघडं पडलंय गंऽ!" रुद्रम्मानं हातोडी टाकली आणि ती ट्रकावर चढली. तिच्या मागं वीस बाया चढल्या. त्यांच्या मागं मस्टरवाला, "हजेरी! हजेरी!" करत पळत निघाला.

इकडं माणिकप्पा उन्हाला कंटाळून, ओलं फडकं डोक्याला गुंडाळून, ट्रॅक्टरच्या सावलीत पोत्यावर उताणा झोपला होता. फडक्यावर काळंतांबडं तेल पसरलेलं. उशाला उघडं इंजिन.

"गेलं रंऽ माजं सौभाग्य!" रुद्रम्मानं जो हंबरडा फोडला, तो ऐकून वीस बायांनी एकदम सूर धरला. माणिकप्पा दचकून उठून बसला.

सूर तुटला. दोन बाया मागच्या मागं पळाल्या.

"कोन गेलं?" माणिकप्पानं घाबरून विचारलं.

"तुमीच की!" शरणप्पा म्हणाला आणि बिस्किटांचा खोका पुढं केला.

सगळा उलगडा व्हायला अर्धा तास गेला. अकरा मैल आलोच आहोत म्हणून डॉक्टरांनी माणिकप्पाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, डोकं चाचपलं आणि म्हणाले, "डोक्याला काही झालेलं नाही."

"भायेरनं न्हाय वो सायेब," डोळे पुसत रुद्रम्मा म्हणाली, "आतनं तपासा!"

हसून हसून लोक लोळले. हसणं थांबलं तेव्हा सगळ्यांना तहान लागली. उन्हातनं आलेले तीस पाहुणे! धुरपताबाई मुकाट्यानं घरात गेली, घागर घेऊन आली आणि एकेकाच्या ओंजळीत पाणी ओतू लागली. शेवटी तिनं घागर पालथी केली. थेंब आला नाही.

"आता तुज्या घरी काय?" माणिकप्पानं हळूच विचारलं.

"हीच हुती," ती म्हणाली. "पावण्याला न्हाय कसं म्हनायचं?"

सकाळी ओट्यावर ठोकलेली माणिकप्पाची मांडी आता हुळहुळायला लागली. संध्याकाळी टाकी दारात म्हणालो आणि या बाईच्या घागरीतला शेवटचा घोटसुद्धा आपल्यापायीच गेला! तो उठला आणि तात्यारावांपुढं उभा राहिला. "चुकलं. मला ट्रॅक्टर उघडायचा सराव न्हाय. गॅस्केट हातात आल्याबिगर हेड उघडाया नको हुतं."

तात्याराव चार शिव्या तोंडात घोळवत होते, तेवढ्यात रुद्रम्माच म्हणाली, "बोलत काय बसलाव? ट्रक हुबाय की दारात!"

खरंच की! रडायला आलेला ट्रक पाण्याला निघाला. गावातली पिंपं, हंडे, घागरी, सोसायटीच्या रॉकेलची धुतलेली टिपाडं, सगळं वर चढलं. दिवस मावळायच्या आत दोन खेपा झाल्या. पहिली घागर धुरपताबाईची भरली. त्या पाण्याला रॉकेलचा वास होता, तरी तिनं घागर कडेवर घेतली. मस्टरवाल्यानं बायांची हजेरी पाणी वाहायच्या कामावर मांडली, आणि बिस्किटं सगळ्या गावानं खाल्ली.

माणिकप्पा त्याच ट्रकातनं उमरग्याला गेला. सकाळच्या पहिल्या गाडीनं परतला, तेव्हा नवं गॅस्केट त्यानं तान्ह्या लेकरासारखं छातीशी धरलं होतं. या वेळी त्यानं बढाई मारली नाही. हेडचं आणि धडाचं, दोन्ही तोंडं रॉकेलनं पुसली, पत्रा बसवला, आणि सुट्या भागांच्या दुकानदारानं सांगितलं होतं तसे नट मधनं सुरू करून थोडे थोडे, आळीपाळीनं आवळले. हँडल मारलं. इंजिन खोकलं, शिंकलं आणि धडधडायला लागलं. वाफ नाही, बुडबुडा नाही! टाकी जोडून माणिकप्पा स्वतःच पाण्याला निघाला. तोंड तव्यासारखं काळं, नुसते दात तेवढे पांढरे.

फाट्यावर गाडीतनं एक म्हातारा उतरत होता. कर्नाटकाकडचे, रुद्रम्माचे थोरले काका. नुकतंच डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. काठी टेकत त्यांनी ट्रॅक्टर थांबवला आणि उपरण्यानं डोळे टिपत विचारलं, "बाबा रे, माणिकप्पाचं घर कुठलं? डोस्कं फुटलं म्हनं त्याचं."

माणिकप्पानं सगळं सांगायला तोंड उघडलं. हेड, पत्रा, कंडक्टर, बिस्कीट... कुठून सुरुवात करायची? त्यानं तोंड मिटलं.

"सरळ जावा काका. पाराच्या मागं."

"हाय का पण?"

"हाय, हाय. बरा हाय आता."

"बोलतोय का?"

माणिकप्पानं गिअर टाकला.

"लई बोलायचा," तो म्हणाला, "आता जरा कमी झालंय."