चार दिवसांच्या पाहुण्या

सगळं ठरल्यासारखं पार पडलं असतं, तर हिशेबनिसाचे महिन्याला नव्वद वाचणार होते. वर्षाचे एक हजार ऐंशी. आकडा वहीत लिहून त्याखाली त्याने दुहेरी रेघही मारून ठेवली होती, आणि निवृत्त हिशेबनिसाने दुहेरी रेघ मारली की त्याच्या लेखी पैसे खिशात आलेले असतात.

खरं तर त्याला पाण्याचा मीटर हवा होता. पण फिटर अर्धा तास सिंकखाली आडवा झाला आणि गुडघे झटकत उठला.

"नाही जमायचं, साहेब. तुमची आणि वरच्या मजल्याची नळी एकच. मीटर लावला तर वरच्यांच्या आंघोळींचं बिल तुम्ही भराल."

मीटर बसत नसेल तिथे पाणी कार्यालय माणशी नव्वद आकारत असे. अर्जात दोन रकाने होते: कायम राहणारे आणि पाहुणे. पाहुण्यांना आकार नाही. घरात माणसं तीन. तो, बायको आणि सासूबाई. सासूबाई लेकीकडे चार दिवसांसाठी म्हणून आल्या, त्याला अकरा वर्षं झाली होती. हिशेबनिसाने बराच वेळ पेन चावलं आणि त्यांना दुसऱ्या रकान्यात टाकलं.

"अहो, आईला पाहुणी लिहिलंत?"

"चार दिवस राहीन, असं त्याच म्हणाल्या होत्या. मी पदरचं काही घातलेलं नाही."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. हातात त्याचा शर्ट, बटण अर्धं शिवलेलं. त्यांनी सुईतून दोरा ओढून काढला, शर्ट टेबलावर ठेवला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत, म्हणजे त्याच्या खुर्चीत, जाऊन बसल्या.

"चहा होणार असेल तर घोटभर घेईन, जावईबापू. नसेल तर राहू दे. पाहुण्याने मागू नये."

त्या दिवसापासून त्या इतक्या सभ्यपणे वागू लागल्या की घर हादरलं. भाजी चिरायची कोणी? पाहुण्याने यजमानाच्या सुरीला हात लावू नये. बेल वाजली तर दार उघडू नये, कोण आलंय ते आपल्याला काय माहीत. हिशेबनीस एक मोजा काळा आणि एक तपकिरी घालून बाजारात जाऊन आला, तेव्हा त्याला कळलं की मोजे आपोआप जोडीने लागत नाहीत.

नळांचं तर त्याहून वाईट. घरातले सगळे नळ झिजलेले, आणि ते शेवटपर्यंत पिळायची ताकद फक्त सासूबाईंच्या मनगटात. तो अर्धवट बंद करून निघून जायचा, त्या मागून फिरायच्या. आता बादली भरली, वाहिली, पाणी उंबरा ओलांडून झोपायच्या खोलीत शिरलं आणि जमिनीवरची गादी फुगून बसली.

"आई, नळ वाहताना दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला की. पण लोकांच्या घरातले नळ आपण कशाला पिळायचे?"

मग त्यांनी बॅग काढली. पाहुण्यालाही मर्यादा असते म्हणाल्या, आणि धाकट्या लेकाला फोन लावला.

"मी पोचवायला जाते तिला," बायको म्हणाली. "चार दिवसांसाठी."

ते चार दिवस ऐकून हिशेबनिसाने चप्पल पायात सरकवली आणि थेट पाणी कार्यालय गाठलं.

"सासूबाई कायमच्या राहतात," तो कारकुनाला म्हणाला.

कारकुनाने अर्ज काढला. "महिन्यापूर्वी पाहुण्या होत्या."

"आता नाहीत."

"मग चुकीच्या माहितीचा दंड दोनशे सत्तर. आणि इथे त्यांची सही."

तो अर्ज घरी घेऊन आला. सासूबाईंनी चष्मा लावून तो मागचा-पुढचा वाचला. "अकरा वर्षांत एवढं कागदावर कोणी विचारलं नव्हतं," म्हणाल्या. सही केली. मग बॅगेतून आपल्या पेन्शनचं पाकीट काढून दोनशे सत्तर मोजले.

"आई, तुम्ही कशाला?"

"घरातला दंड घरातल्या माणसाने भरायचा. वहीत माझ्या नावावर लिहा, घरखर्चात."

त्याने लिहिलं. रेघ मात्र एकेरीच मारली.

तर हिशेब असा: दंड सासूबाईंनी भरला, गादी बायकोने वाळवली, आणि नव्वद कार्यालयाला जायचे ते गेले. हिशेबनिसाच्या पदराला तोशीस पडली नाही, असं तो सगळ्यांना सांगतो. उभ्याने सांगतो, कारण खिडकीजवळची खुर्ची अजून परत मिळालेली नाही.