माटेकाकांचा सरळ धूर

सातासमुद्रापार, पापाकुरात घर घेतलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी दारात एक गृहस्थ पेटती उदबत्ती घेऊन उभे. मी भक्तिभावाने हात जोडले. त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही न बघता उदबत्ती चौकटीच्या फटीशी धरली. धूर झटकन आडवा झाला.

"सापडला! चोर सापडला!"

हे माटेकाका. चोर म्हणजे वारा. काकांनी नाशकात द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तीस वर्षं काढलेली. "जन्मभर गारवा आत कोंडला, मोघे. आता घराघरातून हाकलतोय. पाप फेडायला नको?" हे ते अगदी गंभीरपणे सांगतात.

मग ते आत शिरले. थंडी म्हणून आमच्या सगळ्या खिडक्या बंद, कुकरच्या चार शिट्ट्या झालेल्या, आणि हॉलभर ओले कपडे. काकांनी भिंतीवरून बोट फिरवलं.

"घाम फुटलाय हो हिला! म्हैस बांधलीय की काय आत? कुकर लावला की खिडकी उघडायची, वहिनी."

आमच्या सौ.ने आजवर माझं एक ऐकलेलं नाही. पण त्या दिवसापासून शिट्टी झाली की खिडकी उघडते.

इथली जुनी लाकडी घरं बाहेरून चित्रासारखी, आतून माठासारखी. हातात पैसा कमी असलेल्या घरमालकांच्या छतात आणि जमिनीखाली इन्सुलेशनच्या जाड गाद्या बसवून द्यायची सरकारी योजना आहे. पण लोकांना फॉर्मचा कंटाळा, आणि मागायची त्याहून लाज. शेजारच्या माओरी मेरेआजींनी तर फॉर्म घेऊन आलेल्या काकांना फाटकातच अडवलं. "किया ओरा," असा नमस्कार केला. "मला दान नको." आत नात खोकत होती.

काका पायरीवर बसले. "माझं इंग्रजी कच्चं. जरा तपासून द्याल?" म्हणत त्यांनी आजींचाच फॉर्म भरायला घेतला. घर नंबर चुकवला, गल्ली चुकवली, आजींच्या वयात दहा वर्षं वाढवली. वयापाशी आजींचा संयम सुटला. पेन हिसकावून त्यांनी फॉर्म स्वतः भरला आणि सहीसुद्धा ठोकली.

"स्वीट ॲज!" काका इथल्या बोलीतलं 'झकास' नाशिकच्या सुरात म्हणाले.

काकांच्या सुमनकाकू मात्र नाशकात, लेकीकडे. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात दम्याने त्यांचे हाल केले. जाताना म्हणाल्या, "कोल्ड स्टोरेज तुमची नोकरी होती, माझी नाही. घर उबदार झालं की कळवा. येते." त्याला तीन वर्षं झाली. काका दर उन्हाळ्यात सांगायचे, "इन्सुलेशनचा नंबर लागलाय. या खेपेला येईल."

मे महिन्यात, म्हणजे इथल्या थंडीच्या तोंडावर, मी त्यांची शिडी परत करायला गेलो आणि प्रथमच आत शिरलो. तोंडातून वाफ निघाली. काका कानटोपी आणि दोन स्वेटर घालून चहा पीत होते.

"काका, तुमचं इन्सुलेशन?"

"नंबर लागला होता. पण मेरेची नात खोकत होती ना. योजनेच्या ऑफिसला म्हटलं, आधी तिकडे जा. गेल्या वर्षी पलीकडे तान्हं बाळ आलं."

"आणि काकू?"

काका खिशात काडेपेटी शोधू लागले. "तिला सांगितलंय, इकडे हीप्स, ढीगभर कामं आहेत म्हणून."

मी तडक मेरेआजींकडे गेलो. आजींनी ऑफिसला फोन लावला. त्या काय बोलल्या ते लिहिण्याजोगं नाही. पुढच्याच आठवड्यात व्हॅन काकांच्या दारात.

गाद्या बसल्या, फटीही बुजल्या, त्या संध्याकाळी तपासणीला आजी आल्या. काकांचीच उदबत्ती घेऊन दारं, खिडक्या, फळ्यांचे सांधे, सगळीकडे फिरल्या. धूर काठीसारखा सरळ. काकांनी नाशिकला व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, धूर बघ! धूर!"

"धूर काय दाखवताय? अंगात स्वेटर किती आहेत ते दाखवा."

काकांनी फोन टेबलाला टेकवून ठेवला. कानटोपी काढली. एक स्वेटर काढला, मग दुसरा. अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात शाळेतल्या पोरासारखे ताठ उभे राहिले.

नाशिकला काकूंनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"तिकीट काढा," काकू म्हणाल्या. "आणि ती उदबत्ती आता देवापुढे लावा. तीन वर्षांत त्याला वास तरी मिळालाय का?"

काका उदबत्ती घेऊन देवाकडे निघाले, आणि धूर एकदम नागमोडी झाला. मेरेआजी फट शोधायला लगबगीने उठल्या. मी त्यांना खुणेनेच बसवलं.

काकांनी उदबत्ती दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि धूर पुन्हा सरळ झाला.