बन्सीकाकांचा उजेड

बन्सीकाका आमच्या घरी आले की चप्पल काढायच्या आधी ट्यूबलाइट बंद करतात. मग समोर जो असेल त्याची हनुवटी धरून त्याला खिडकीकडे फिरवतात आणि म्हणतात, "आता बोल." माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचीही हनुवटी सुटली नाही.

आष्टीतले आमचे हे शेजारी जन्मभर मुंबईत सिनेमाचे कॅमेरामन होते. कॅमेऱ्याची ट्रॉली ढकलण्यापासून सुरुवात केली, पुढे स्वतःच्या नावावर सिनेमे केले आणि सत्तरीत गावी परतले ते संतापूनच. लग्नातल्या ड्रोनवर संताप, दुकानांतल्या पांढऱ्या दिव्यांवर संताप, मोबाइलमध्ये गाल गोरे करून घेणाऱ्यांवर तर विचारूच नका. "बापानं दिलेला रंग ह्यांनीच पुसला की," म्हणतात. गावाने त्यांचा सत्कार ठेवला, तर गळ्यात हार असतानाच ते डोळ्यांवर मारलेले हॅलोजन वळवायला गेले. प्रमुख पाहुण्यांचं भाषण अंधारात झालं.

पण खरा राग एका सिनेमावरचा. ऊसतोड कामगारांची गोष्ट, शूटिंग शिरूर कासारकडं. दिग्दर्शकाने गावातल्याच बायका उभ्या केल्या आणि त्यांच्या तोंडाला काजळी फासायला सांगितली. काकांनी कॅमेरा बंद केला.

"कशाला फासतो?"

"गरीब दिसल्या पाहिजेत, काका."

"ती बाई आंगोळ करून, टिकली लावून आलीय. तिला घाण करून मी न्हाई दाखवणार."

दुसऱ्या दिवशी दुसरा कॅमेरामन आला. सिनेमाला बक्षिसं मिळाली. काकांना 'तापट' हे नाव मिळालं आणि कामं यायची थांबली. हे सांगताना ते अजून खुर्चीतून उठतात, आणि ऐकताना माझंही डोकं फिरतं.

आता दरवर्षी टोळ्या ऊसतोडीला निघायच्या आधी ते शिरूर कासारला जातात. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढतात आणि निघालेल्या लेकासुनांच्या मोबाइलवर पाठवतात. यंदा मी गाडी घेऊन सोबत गेलो होतो.

एका आजीला त्यांनी उंबऱ्यावर बसवलं. पदर तिचा तिलाच सावरू दिला. फोटो झाल्यावर ती म्हणाली, "तुमचा फोटू कोन काढतंय, दादा?"

काका लेन्स पुसायला लागले. लग्न त्यांनी केलं नाही, आणि घरात त्यांचा एकही फोटो मी पाहिलेला नाही. आजीने हात पुढे केला. त्यांनी कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला, बटण दाखवलं. ती आत सरकली, काका दाराच्या चौकटीत उभे राहिले.

फोटो आला तो असा: उजेड सगळा पाठीमागून, चेहरा काळाठिक्कर, अर्धं डोकं कापलेलं. आता काका पेटणार म्हणून मी तयारीत राहिलो.

त्यांनी फोटो आजीपुढे धरला. "लई चांगला आलाय, माय," म्हणाले.

गाडीत बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "ह्यो कुणाला पाठवायचा?"

"मला पाठवा," मी म्हणालो.