शंभरावं विमान

हाउकिवारा गावच्या विमानतळावर आठवड्याला एक विमान उतरे. दर शुक्रवारी, तेही धुकं नसेल तर. याच विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक व्हायचं, असं विल्या कार्पिनेनने ठरवलं. त्यासाठी तिने टपालखात्यातली नोकरी सोडली, हेलसिंकीत दोन वर्षं पडद्यावरची खोटी विमानं उतरवली आणि सगळ्या परीक्षांत पहिली आली. आता एकच अट उरली होती: नव्वद दिवसांत शंभर खरी विमानं उतरवून दाखवायची.

शेजारी बसून तिला शिकवणारा ताइस्तो त्याच उन्हाळ्यात निवृत्त होणार होता. विल्याला परवाना मिळाला नसता, तर विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याला कुलूप लागलं असतं. नव्वद दिवसांत शुक्रवार फार तर तेरा येतात, असं तिने परवाना कार्यालयाला नम्रपणे कळवलं. उत्तर तत्परतेने आलं. नियम शिथिल करता येत नाही. विमानं मात्र वाढवता येतात.

लगेच एकोणीस आसनांचं विमान भाड्याने आलं. ते हाउकिवाराहून उडे, तळ्यावर वळसा घेई आणि हाउकिवाराला उतरे. तिसऱ्या दिवशी पर्यावरण खात्याने हरकत घेतली, की रिकामं विमान फिरवणं हा इंधनाचा अपव्यय आहे. तेव्हा खुलासा निघाला: किमान एक प्रवासी असेल तरच फेरी मोजली जाईल.

मग गावाला आमंत्रण गेलं. फेरी फुकट, वर कॉफी आणि दालचिनीचा पाव. विमानाच्या आवाजाविरुद्ध गावातल्या सत्तावीस जणांनी अर्ज केला होता. पहिल्या फेरीत त्यांतले एकोणीसच बसले, कारण जागाच तेवढ्या होत्या.

सगळं रीतसर चाले. इथून इथेच जाणाऱ्यांची झडती होई, सामान वेगळं जाई. मासेविक्या आर्वोची बॅग हेलसिंकीला पोहोचली. एकदा विमान दहा मिनिटं उशिरा उतरलं, तर मुख्याध्यापिकाबाईंनी तक्रार नोंदवली, की असं असेल तर त्या यापुढे इथे येण्यासाठी दुसरा मार्ग शोधतील.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी एइला मावशीने विल्याला सौनाच्या वाफेच्या खोलीत गाठलं. तापल्या दगडांवर पाणी ओतत मावशीने विचारलं, "तू पास झालीस की हे विमान बंद होणार ना गं?"

"हो."

"मग थोडीशी नापास हो ना. तुला लहानपणी कडेवर घेऊन गावभर हिंडलेय मी. नव्याण्णववर थांब, एवढंच म्हणते."

"मावशी, आकाशात थोडंसं नापास होता येत नाही."

मावशीने आणखी एक तांब्या ओतला. पुढचं वाफेत दिसेना.

नव्वदाव्या दिवशी दुपारपर्यंत नव्याण्णव विमानं उतरली होती. पाचला मुदत संपत होती. शेवटच्या फेरीला कुणीच आलं नाही. विल्या नव्याण्णववरच थांबावी म्हणून, अर्थात तिच्यावरच्या मायेपोटी, सारं गाव घरात बसून होतं. वैमानिक प्रवासी ठरत नव्हता. ताइस्तोला तिच्या शेजारची खुर्ची सोडता येत नव्हती, आणि परवाना कार्यालयाचे तपासनीस दुर्बीण घेऊन मनोऱ्यात उभे होते. साडेतीन वाजता विल्या जिना उतरली, सायकलवरून गावातल्या दुकानापाशी गेली आणि दारावर पाटी लावून आली: "आजची फेरी फक्त निवडक व्यक्तींसाठी आहे. इतरांनी कृपया येऊ नये."

चारच्या ठोक्याला फाटकाबाहेर तळ्यापर्यंत मोटारी लागल्या. पुढे मोत्यांची माळ घालून एइला मावशी. "तुझ्यासाठीच आले हो," ती म्हणाली आणि खिडकीजवळची जागा मागितली.

चार वाजून पन्नास मिनिटांनी चाकं धावपट्टीला लागली. तोवर विल्याचा आवाज जराही हलला नव्हता. मग तिने हेडफोन काढून मेजावर ठेवले. ताइस्तो म्हणाला, "बरं उतरवलंस." त्याच्या मानाने हे भाषणच होतं.

तपासनिसांनी शिक्का मारला आणि पाटीचं कानावर आल्याने सहज विचारलं, की एवढे निवडक लोक तासाभरात निवडले कुणी?

"कुणीच नाही," विल्या म्हणाली. "पाटीवर एकही नाव नव्हतं."

खरंच नव्हतं. ज्याने-त्याने पाटी वाचताक्षणीच आपलंच नाव मनातल्या मनात भरून घेतलं होतं. तुम्ही नाही का भरलंत?